संकेतांक आणि निदान

शहरांतल्या घरीं येणारें डाळिंब पुष्कळदां जतसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून, डिझेलच्या छोट्या मालगाडींतून आलेलें असतें. अशा गाडीचा डिझेल-फिल्टर बदलला आणि माल भरून निघतांच इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर मालकापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशांचा.

गॅरेजमधील कारागीर स्कॅनर जोडतो. ‘पी ००८७’ असा कोड दिसतो. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स यांचा विभाग. त्यापुढील शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असा संकेत. अर्थ इतकाच कीं, इंधनाचा दाब अपेक्षेहून कमी आहे. पंप बिघडला, असें तो म्हणत नाहीं. ताप मोजला म्हणजे रोग कळला, असें कोणता वैद्य मानील?

म्हणून कोड लगेच पुसूं नये. तो, व त्या क्षणींचा वेग, दाब इत्यादि नोंदी प्रथम लिहून घ्याव्या. मग जेथें दुरुस्तीचा हात लागला तेंच आधीं पाहावें : फिल्टर नीट बसला आहे काय, सांध्यांतून हवा शिरते काय, वायरचा प्लग सैल राहिला काय? दोष दूर करून, नळींतील हवा काढून, मग कोड पुसावा व गाडी चढावर चालवावी. तो परत आला, तरच पंप व इंजेक्टर तपासावे. मात्र चालू इंजिनाची उच्च दाबाची नळी कधींहि सैल करूं नये. तेथील दाब वातावरणाच्या हजारपटीहून अधिक होऊं शकतो व डिझेलची धार कातडी भेदून आंत शिरते.

घाईनें नवा पंप बसविला आणि पुन्हां तोच दिवा लागला, तर पैसे जातात आणि डाळिंबें वाटेंतच राहतात.