ऋण काढून सण नको!
(इस्लापूर येथील व्यापारी व नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राज्याचा अर्थसंकल्प हा मुंबईतील जाणकारांचा विषय, अशी सर्वसाधारण समजूत असते. इस्लापूरकरांना ती परवडणारी नाही. येथून जवळच वाहणारी पैनगंगा एकेकाळी कर्जामुळे सरहद्द बनली. निजामाच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या, पण इंग्रजांच्या हुकमतीखालील ‘कंटिन्जंट’ फौजेचा पगार थकत गेला; कंपनी सरकार उचल देत गेले. अखेर मे १८५३ च्या तहाने नदीपलीकडचे वऱ्हाड, तसेच धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. धाराशिव व रायचूर १८६० साली परत मिळाले. वऱ्हाड मात्र १९०२ साली वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने देण्यात आले. पगारासाठी काढलेले कर्ज सुपीक प्रांत गिळून गेले.

त्याच १८५३ साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी महसुलाची मक्तेदारी मोडून पगारी अधिकारी नेमले. वसुलीची गळती थांबली, तेव्हा कुठे राज्याची पत सावरली.

आता महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प पाहावा. अंदाजित कर्ज सुमारे ९.३२ लाख कोटी रुपये. स्थूल राज्य उत्पन्नाशी हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आत आहे. त्यामुळे घबराटीचे कारण नाही. चिंतेची बाब वेगळी आहे. राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी आणि तीत महसुली तूट ४५,८९१ कोटी. अर्थात उसनवारीच्या दर शंभर रुपयांतील सुमारे चौतीस रुपये चालू खर्चात जाणार. धरण, रस्ता, वीजवाहिनी यांसाठीचे कर्ज उद्या उत्पन्न देते. चालू खर्चासाठीचे कर्ज केवळ व्याज मागते. दुकान गहाण ठेवून घरचा किराणा भरणारा व्यापारी किती काळ टिकेल?

करस्पर्धेचे स्वरूपही बदलले आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. बाजाराची ती वाट अजून मोडलेली नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराचे दर सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच आहेत. राज्यांच्या हाती मुख्यतः इंधन व मद्यावरील कर, मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्क उरले. म्हणून गिऱ्हाईक आणि उद्योग आता अखंड वीज, चांगला रस्ता आणि वेळेवर मिळणारी परवानगी पाहून ठिकाण निवडतात.

व्यापारी बंधूंनी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक विक्रीची पावती द्यावी, कारण बिनपावतीचा व्यवहार राज्याच्या तिजोरीला गळती लावतो. दरवर्षी अर्थसंकल्पात महसुली तुटीचा आकडा प्रथम पाहावा. आणि करसवलतीचे निवेदन देताना शेजारी रस्ता-विजेची मागणीही लिहावी.

कर देणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार असतो. तो न बजावणाऱ्या समाजाला कर्जाची किंमत कशी मोजावी लागते, हे पैनगंगेच्या काठाने पाहिले आहे.