पेलेट स्टोव्ह किरकिरतोय? आधी घड्याळ बघा

आजचा भाग पेलेट स्टोव्हवाल्यांसाठी. मी राहतो न्यू हॅम्पशायरमध्ये. इथे थंडी पडली की ओळखीतला कुणी ना कुणी विचारतोच, "स्टोव्ह विचित्र आवाज करतोय, काय करू?" मी उलट विचारतो, "आवाज सलग येतोय की थांबून थांबून?"

कारण सांगतो. वर हॉपर, म्हणजे पेलेट भरायची टाकी. खाली नळीत फिरणारा मळसूत्री दांडा, त्याला ऑगर म्हणतात. त्याला फिरवते एक छोटी गिअर मोटर. बहुतेक स्टोव्हमध्ये ऑगर काही सेकंद फिरतो, काही सेकंद थांबतो. पंखे मात्र सलग चालतात. म्हणजे खडखड सलग असेल तर ऑगरला दोष देऊ नका, पंख्याच्या पात्यांवरची राख बघा. ऑगर फिरताना आवाज येतो आणि तो थांबला की बंद होतो, तर मग दोष पेलेट पुढे सरकवणाऱ्या भागातच आहे.

आता आवाजाचे प्रकार. किर्र, कण्हल्यासारखा आवाज असेल तर बहुधा पेलेटचा चुरा. पिशवीच्या तळाचा हा भुसा ऑगर आणि नळीच्या मध्ये दाबून बसतो. कधी टोकाचं बुशिंगही कोरडं पडलेलं असतं. टक-टक असा ठरावीक लयीतला आवाज असेल तर मोटरच्या गिअरचा दात झिजलाय किंवा ऑगर धरणारा स्क्रू सैल झालाय. मोटर नुसती गुणगुणते आणि पेलेट पडतच नाहीत? मग ऑगर अडकलाय. एखादा लांब पेलेट आडवा बसतो, नाहीतर ओल लागून फुगलेले पेलेट घट्ट होतात.

हात लावायच्या आधी एक नियम. जळत्या स्टोव्हचा प्लग ओढायचा नाही. धूर बाहेर ढकलणारा पंखा थांबतो आणि धूर घरात येतो. बटणाने बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, मग प्लग काढा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात हवाच.

मग हॉपर रिकामा करा, तळाचा चुरा व्हॅक्यूमने ओढून घ्या. तरी आवाज राहिला तर पुन्हा गार करून, प्लग काढून मोटर सोडवा आणि ऑगर हाताने फिरवून बघा. सहज फिरला तर मोटर संशयित. जड गेला तर नळीत काहीतरी आहे. हॉपरमध्ये तेल फवारायचा मोह मात्र टाळा, खाली आग असते आणि तेलाला चुरा चिकटतो तो वेगळाच. बुशिंगला काय लावायचं ते मॅन्युअलमध्ये बघा. मोटर उघडायची हिंमत नसेल तर तंत्रज्ञाला बोलवा, पण आवाज नेमका कधी येतो हे त्याला सांगा. त्याचा अर्धा तास वाचतो, तुमचे पैसे.

"आवाजच तर आहे, चालतंय तोवर चालू दे," असं म्हणणारे बरेच. पण अडकलेला ऑगर रात्री तीनला थांबला तर आग विझते. घर तापवायला दुसरं काही नसेल तर कडाक्याच्या थंडीत पाण्याचे पाइप गोठतात, फुटतात. म्हणून टनभर पेलेट, म्हणजे चाळीस पौंडांच्या ५० पिशव्या संपल्या की एकदा हॉपर तळापर्यंत साफ करा. पिशव्या जमिनीवर नको, फळीवर ठेवा. भेटू पुढच्या भागात.