अर्जावर नाव बाईचंही हवं

वाड्यावर कोकरं सांभाळतो आपण, आजारी मेंढीला पाला घालतो आपण. पण योजनेचा अर्ज निघाला की नाव घरधन्याचं! म्हणून आज मेंढी महामंडळाविषयी बोलूया.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ साली स्थापन झालं. मुख्य कचेरी पुण्यात, गोखलेनगरला. सांगली जिल्ह्यात रांजणी, सोलापूर जिल्ह्यात महूद, साताऱ्यात दहिवडी इथं त्याचे फार्म आहेत. दख्खनी, माडग्याळ अशा जातींचे चांगले नर पैदाशीसाठी तिथं मिळतात. एकच नर वर्षानुवर्षं कळपात ठेवला तर तो स्वतःच्याच पिलावळीला लागतो आणि कोकरं अशक्त निपजतात. दर दोन वर्षांनी नर बदलावा.

महामंडळाकडूनच राबवली जाते राजे यशवंतराव होळकर महामेश योजना. ती भटक्या जमाती (क) प्रवर्गातल्या मेंढपाळांसाठी, म्हणजे धनगर समाजासाठी आहे. २० मेंढ्या आणि १ नर असा गट मिळतो. ७५ टक्के अनुदान, २५ टक्के आपला हिस्सा. त्यात ३० टक्के जागा महिलांना राखीव आहेत.

आपला हिस्सा कुठून आणायचा? गटातून अंतर्गत कर्ज घेता येतं. विकलेल्या कोकरांवर ते फिटतं.

अर्ज ऑनलाइन असतो. भीती नको. पुढच्या बैठकीला आधार कार्ड, जातीचा दाखला आणि बँकेचं पासबुक घेऊन या. आम्ही सोबत बसून भरू. फक्त नाव तुमचं लिहायचं, एवढं घरी आधी बोलून ठेवा.