प्रबंधाची लांब वाट



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शाळेत उभे राहून पीएच.डी.विषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. प्राथमिक इयत्तांपासून विद्यावाचस्पती पदवीपर्यंतचे अंतर फार मोठे आहे. परंतु आपल्या नवनगरचा भूगोल पाहा. एका बाजूस धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि कृषी विज्ञान विद्यापीठ आहे, २००९ पासून राज्याचे विधी विद्यापीठ नवनगरातच आहे, आणि २०१६ पासून धारवाडला आय.आय.टी. आली आहे. या शाळेतून बाहेर पडलेली मुले आज कोठे ना कोठे प्रबंधाचे बाड घेऊन बसलेली असतात, आणि घरची माणसे त्यांना विचारीत असतात, ‘अजून किती वर्षे?’ हा प्रश्न ज्यांना ऐकावा लागतो आणि जे तो विचारतात, त्या दोघांसाठीही मी बोलणार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पीएच.डी. अडते ती बुद्धी कमी पडल्यामुळे, असे सामान्यतः मानले जाते. संशोधक विद्यार्थ्यांच्या सहवासात राहून माझे मत उलट झाले आहे. प्रबंध अडतो तो पैसा, मार्गदर्शकाशी असलेले नाते, एकांत, प्रकृती आणि शेवटी लेखन यांपाशी. बुद्धीचा क्रमांक बराच खाली लागतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या परिचयाचेच आहे. मात्र आपण ते बहुधा विजयाच्या बाजूने पाहतो, वाटेच्या बाजूने पाहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये त्यांनी तेथे प्रबंध सादर केला आणि ते लंडनला आले. तेथे ग्रेज इनमध्ये कायद्याचा आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू झाला न झाला तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. युद्धाचे दिवस होते. ग्रंथांचे सामान त्यांनी वेगळ्या जहाजाने पाठविले होते. ते जहाज पाणतीराने बुडविले. वर्षानुवर्षे पोटाला चिमटा घेऊन जमविलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले.

येथे त्यांनी केलेली एक साधी, व्यवहारी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची अनुमती मिळवून ठेवली होती. म्हणजे जाताना दार लोटले, पण कडी लावली नाही. आज अडचणीत सापडलेले कितीतरी विद्यार्थी विभागाकडे जाणेच बंद करतात, अर्ज करीत नाहीत, मुदतवाढ मागत नाहीत. एके दिवशी नोंदणी रद्द झाल्याचे पत्र येते. लाजेपायी अर्ज न करणे हे आळसापेक्षा घातक आहे.

पुढे १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला. शाहू महाराजांनी साहाय्य केले, मित्राकडून कर्ज घेतले आणि मुदत उलटण्यापूर्वी ते पुन्हा लंडनला पोहोचले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये सादर केला. परीक्षकांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही. फेरलेखन करण्यास सांगितले. ब्रिटिश राजवटीच्या चलनधोरणावर त्यात कठोर टीका होती, हे त्याचे कारण असल्याचे चरित्रकार सांगतात. हातातला पैसा संपला होता, म्हणून १९२३ च्या वसंतात ते मुंबईस परतले, येथे बसून प्रबंध नव्याने लिहिला आणि पाठविला. निष्कर्ष मात्र त्यांनी सोडले नाहीत. त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली आणि ग्रंथही प्रसिद्ध झाला. त्याची प्रस्तावना लिहिली त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, आणि त्या प्रस्तावनेतच त्यांनी आपल्या शिष्याशी असलेले मतभेद नोंदविले. मतभेद असूनही प्रस्तावना लिहिणारा मार्गदर्शक आणि मतभेद छापून देणारा शिष्य, अशी जोडी विद्यापीठांच्या इतिहासात विरळा.

आणि कोलंबियाची पीएच.डी.? तिच्यासाठी प्रबंध छापून विद्यापीठाला सादर करावा लागे. ग्रंथ १९२५ मध्ये निघाला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. प्रबंध १९१६ चा, पदवी १९२७ ची, अकरा वर्षे! ‘अजून किती वर्षे?’ असे विचारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरे उदाहरण आपल्या राज्यातल्या बेंगळूरचे आहे. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून कमला भागवत १९३३ मध्ये तेथल्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. त्यांचे वडील आणि चुलते त्याच संस्थेचे विद्यार्थी होते. तरीही संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष परीक्षेचे राहील, काम पसंत पडल्यावरच मान्यता मिळेल. श्री. श्रीनिवासय्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम करून दाखविले, आणि नंतर तेथे इतर मुलींना प्रवेश मिळू लागला. पुढे केंब्रिजला जाऊन वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्याचा त्यांनी शोध लावला आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. काम चौदा महिन्यांत पुरे झाले आणि प्रबंध भरला अवघा चाळीस पानांचा! आपल्याकडे प्रबंधाचे वजन हातात घेऊन पाहण्याची खोड आहे. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरे आणि पाचशे पाने झाल्याशिवाय कोणाचे समाधान होत नाही. चाळीस पानांत एक नवी गोष्ट सिद्ध झाली तर उरलेली चारशे साठ कशासाठी हवीत?

याच घरातली दुसरी कथा मात्र वेगळी आहे. कमलाबाईंच्या भगिनी दुर्गा भागवत यांनीही डॉक्टरेटसाठी काम आरंभिले होते. आदिवासी भागात हिंडत असता विषबाधा झाली, दीर्घ काळ अंथरूण धरावे लागले आणि डॉक्टरेट राहून गेली. पुढे ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या, १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे बोलणाऱ्या दुर्गाबाईंना कोणी अपुऱ्या म्हणेल काय? प्रबंध सोडावा लागणे ही नेहमीच हार नसते, हे मी जाणूनबुजून सांगतो, कारण पालकांना ते पटत नाही.

मार्गदर्शकाविषयी बोलताना इरावती कर्वे आठवतात. बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांना कवट्यांची मोजमापे घेण्याचे काम मिळाले. कवटीच्या दोन बाजूंतील असमतोलाचा वंशश्रेष्ठत्वाशी संबंध आहे, असा फिशर यांचा तर्क होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असे लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याच मार्गदर्शकाच्या विरोधात! त्यांना उत्तीर्ण केले गेले, पण श्रेणी खालची मिळाली, असे चरित्रकार म्हणतात. त्या मार्गदर्शकाचे नाव पुढे नाझींच्या वंशशास्त्राशी जोडले गेले. मोजमापे मात्र खरी राहिली. मार्गदर्शकाला अपेक्षित असलेले उत्तर काढून देण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी त्या १४९ कवट्यांची आठवण ठेवावी.

आपल्या धारवाडात तर पदवीवाचून संशोधन करणारा माणूस होऊन गेला. शं. बा. जोशी हे शाळामास्तर. कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत लिहिणारे. मऱ्हाटी संस्कृतीच्या समस्यांवरील त्यांच्या मराठी ग्रंथाने १९५० च्या दशकात खळबळ उडविली आणि कर्नाटक संस्कृतीच्या पूर्वपीठिकेवरील कन्नड ग्रंथाला १९७० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या सीमाभागातील मुलांना दोन भाषा हे ओझे वाटते. शंबांची ती शिदोरी होती.

आता आजचे थोडे. काळ बदलला तसे काही सुखकर झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन व कमाल सहा वर्षे दिली आहेत, मुदतवाढीची सोय आहे आणि स्त्रियांना आणखी सवलत आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ मध्ये महिना ३७,००० रुपये झाली. परंतु ती मिळणारे थोडे, न मिळणारे फार. ‘शोधगंगा’वर देशभरातले प्रबंध घरबसल्या वाचता येतात. विषय ठरविण्यापूर्वी आपल्याच विभागातले पाच प्रबंध तेथे वाचावेत. चांगला प्रबंध कसा असतो, आणि कसा नसावा, हे दोन्ही कळते.

एकांत मात्र वाढला आहे. २६ देशांतल्या २,२७९ जणांची, बहुतांशी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची, एक पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ४१ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंता आणि ३९ टक्क्यांमध्ये नैराश्य आढळले. स्वखुशीने उत्तरे देणाऱ्यांची ती पाहणी असल्याने आकडे जरा जपून घ्यावेत. परंतु झोप उडालेला, फोन न उचलणारा, सणाला घरी न येणारा विद्यार्थी आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याला वैद्याकडे नेण्यात कमीपणा नाही. मलेरियाला आपण औषध देतो, मग याला का नाही?

लेखनाविषयी एवढेच सांगतो की ते शेवटच्या वर्षावर ढकलू नये. पहिल्या महिन्यापासून रोज पानभर लिहावे, वाईट लिहावे, पण लिहावे. टिपण करतानाच ग्रंथाचे नाव, पृष्ठ, आवृत्ती नोंदवावी. तीन वर्षांनी एका पृष्ठक्रमांकासाठी पुण्याची वारी करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. दर महिन्याला मार्गदर्शकाच्या हाती काही तरी कागद द्यावा. मार्गदर्शक वाचीत नसेल तर तोच कागद एखाद्या मित्राला द्यावा, घरच्यांनाही वाचून दाखवावा. आणि घरच्यांनी, त्यातले काही कळो वा न कळो, चहाचा कप पुढे ठेवून तो ऐकून घ्यावा.