खेकडा, तीन मिलिमीटर आणि गच्चीची किल्ली
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला ‘निवृत्तीनंतरचा छंद’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस वेळ पाळतो, तेव्हा काळजी नसावी.

माझा छंद तुम्हाला ठाऊक आहे. मी रेल्वे इंजिनांची छोटी मॉडेल्स करतो आणि त्यांचे फोटो काढतो. बालपण कर्जतला गेलं. घाटात 37 फुटांना एक फूट असा चढ, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागायची. ते बघायला आम्ही पोरं स्टेशनवर पडीक असायचो. पुढे मीही बँकर झालो, पण कोणाला घाट चढवला नाही!

माझं लाडकं इंजिन म्हणजे ‘खेकडा’. कागदोपत्री नाव डब्ल्यूसीजी-1. 1928 पासून स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्ये बनून आलेली ही एकूण 41 विजेची इंजिनं, 1500 व्होल्ट डीसीवर चालणारी. मधे केबिन आणि दोन्ही बाजूंना लांब नाकाडं. वळणावर ती नाकाडं वेगळी वळायची. विजेचं इंजिन असून चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे! वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात एक उभं आहे. नातवंडांना जरूर दाखवा.

निवृत्तीनंतर मी हाच खेकडा करायला घेतला. प्रमाण 1:87, म्हणजे वीसेक मीटरचं इंजिन साधारण 23 सेंटिमीटरमध्ये. पितळी पत्रा, पुठ्ठा, इंजेक्शनच्या सुया, रिकाम्या रिफिली, सगळं चालतं. दिवसा घरात वर्दळ, म्हणून पत्रा घासायचं काम रात्री. आणि त्यातूनच आपल्या सोसायटीच्या दप्तरात माझ्याविरुद्धची एकमेव तक्रार नोंदली गेली. ‘वरच्या फ्लॅटमधून रात्री अकरानंतर करकर आवाज येतो.’

तक्रार करणारे खालच्या मजल्यावरचे आपले ड्रायव्हरकाका. बारा वर्षं आमचं बोलणं जिन्यातल्या नमस्कारापुरतंच होतं. मी माफी मागायला खाली निघणार, तोच तेच वर आले. टेबलावरचं इंजिन बघून रागच विसरले. खाली बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “साहेब, नोकरीच्या सुरुवातीला मी यावर असिस्टंट होतो. पण तुमचं इंजिन परदेशी रुळांवर उभं आहे.”

मला काही कळेना. रात्री हिशेब मांडला. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी 1676 मिलिमीटर. तिला 87 नं भागलं तर 19.3 येतात. मी वापरलेले बाजारातले तयार रूळ 16.5 मिलिमीटरचे, कारण ते परदेशातल्या 1435 मिलिमीटर गेजच्या हिशेबाने केलेले. फरक तीन मिलिमीटरचाही नाही! पण बँकेत पाच पैशांचा फरक लागला तरी आम्ही घरी जात नसू. मी चाकांचा सांगाडा मोडला आणि नव्याने केला. चार महिने गेले. रोज संध्याकाळी पाच ते सात काका शेजारी बसून सांगायचे, दांडा कुठे, शिडी कुठे, काजळी कुठे जास्त धरायची. करकर तीच, आवाज तोच, पण तक्रार पुन्हा आली नाही.

मग फोटो. एक गुपित सांगतो. मॉडेलचा फोटो वरून काढला की खेळणंच दिसतं. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस 87 पट लहान केला तर त्याचे डोळे टेबलापासून दोन सेंटिमीटरवर येतात. कॅमेराही तिथेच हवा. मोबाइल उलटा धरला की भिंग खाली येतं. थोडं मागे सरून काढावा, म्हणजे पुढचं नाक स्पष्ट आणि मागचं धूसर असं होत नाही. फ्लॅश नको. सूर्य एकच असतो, म्हणून सावलीही एकच पडली पाहिजे. सेक्रेटरी साहेबांनी गच्चीची किल्ली दिली. सकाळी सातच्या उन्हात, मागे मलंगगडाकडचे डोंगर धरून मी फोटो काढला.

तोपर्यंत काका हॉस्पिटलात होते. मी प्रिंट घेऊन गेलो. त्यांनी बराच वेळ फोटो निरखला आणि विचारलं, “कुठे काढलात? पळसदरीला?”

ते खरंच फसले की माझं मन राखलं, मला आजही सांगता येणार नाही. पण एवढी मोठी पोचपावती मला आयुष्यात दुसरी मिळाली नाही. महिनाभरात काका गेले. तो फोटो त्यांच्या घरी हॉलमध्ये लावलाय. काकू समोर बसल्या आहेत, त्यांच्या परवानगीनेच हे सांगतोय.

आता माझा हात थरथरतो, बारीक काम होत नाही. पण आपल्या बिल्डिंगमधली दोन मुलं रविवारी येतात. त्यांनी वाफेचं इंजिन करायला घेतलंय. अजून कोणाला यायचं असेल तर दार उघडं आहे. आणि वरच्या मजल्यावरून करकर ऐकू आली, तर तक्रार जरूर करा. पण लेखी देण्याआधी एकदा वर या. मला बारा वर्षं उशीर झाला, तुम्हाला होऊ नये.