लाकडी बांधकाम आणि हवेतील ओलावा



आषाढात दार चौकटीत अडकते आणि वैशाखात त्याच दाराच्या फळ्यांतून उजेड दिसतो, हा घरोघरचा अनुभव आहे. झाड तोडले तरी लाकडाचा हवेशी असलेला व्यवहार संपत नाही. दमट हवेतून ते ओलावा घेते, कोरड्या हवेत सोडते आणि त्यानुसार रुंदीत फुगते वा आकसते. लांबीतील फरक मात्र नगण्य असतो.

हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असता लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. आर्द्रता ९० टक्के झाल्यास तो सुमारे २० टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणूनच कोकणच्या हवेत मुरलेली तुळई विदर्भात बसविली, तर उन्हाळ्यात ती आकसून सांधे सैल होतात. भारतीय मानकात याच कारणाने देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग केलेले आहेत. तुळया व वासे यांसाठी अतिकोरड्या विभागात १२, तर अतिदमट विभागात २० टक्के ओलाव्याची मर्यादा आहे.

लाकूड कुजविणारी बुरशी साधारणतः २० टक्क्यांखाली वाढत नाही. ओलावा ३० टक्क्यांच्या घरात गेला की तिला जोर चढतो. केवळ दमट हवा लाकडाला सहसा तेथवर नेत नाही. नेते ते पाणी: फुटक्या कौलातून ठिबकणारे, जोत्यातून चढणारे, भिंतीतील तुळईच्या टोकाशी कोंडलेले. जुन्या कारागिरांनी हे ओळखले होते. त्यांनी खांब दगडी तळखड्यावर उभे केले, पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात अशी वळचण पुढे काढली आणि छपराखाली वारा खेळता ठेवला.

दुरुस्तीच्या वेळी अनेकदा नेमके याच्या उलट घडते. जांभ्याच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा होतो, तुळईची टोके सिमेंटने बंद होतात. आत आलेल्या पाण्याला बाहेर वाट उरत नाही. कुजलेली तुळई बदलली, तरी नवीही त्याच जागी कुजते. ग्रामपंचायतीचा पैसा दोनदा खर्च होतो आणि शाळेच्या वर्गातील मुलांवरील धोका कायम राहतो.

यासाठी मृगापूर्वी शाकारणी पुरी करावी. तुळईची टोके टोकदार सळईने टोचून पाहावीत. सळई सहज रुतल्यास लाकूड आतून गेले असे समजावे. नव्या लाकडाची परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतही होऊ शकते. १२० ग्रॅमचा तुकडा भट्टीत पूर्ण वाळल्यावर १०० ग्रॅम भरला, तर ओलावा २० टक्के होता. आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात नव्या तुळईच्या किमतीआधी पाण्याची वाट बंद करण्याचा खर्च धरावा.