चित्राखालचे नाव

(नांदुरा येथे ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरसाल विद्या, विवाह आणि वसतिगृह या विषयांवर थोरामोठ्यांची भाषणे होतात. यंदा कार्यवाहांनी आमच्यासारख्या निवृत्त चित्रकला-शिक्षकास उभे केले आणि "तुमच्या जनावरांविषयीच बोला" अशी आज्ञा केली. ती आम्ही आनंदाने शिरोधार्य मानतो. शाळेची नोकरी असताना आणि ती संपल्यावरही आम्ही गुराढोरांची, कुत्र्यामांजरांची चित्रे काढीत आलो. माणसांची चित्रे आम्हांस साधत नाहीत असे नव्हे. परंतु माणूस चित्रास बसला की तो स्वतः उरत नाही, आणि चित्र पुरे झाल्यावर नाक मोठे झाल्याची तक्रार मात्र करतो. बैलाने अशी तक्रार आजवर केलेली नाही.

गोठ्यात गेल्यावर आम्ही कुंचला लगेच हाती घेत नाही. प्रथम धन्यास सांगतो, "त्याला हाक मारा." नाव कानी पडताच बैलाचा एक कान वळतो, मान किंचित उचलली जाते, डोळ्यांत ओळख येते. आम्हांस हवे असते ते हेच क्षणार्ध. मागाहून तासभर तो खाली मान घालून कडबा चघळीत राहिला तरी चालते.

ही नावे ठेवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. रंगावरून ढवळ्या-पवळ्या, कपाळावरच्या टिक्यावरून चांद्या, जन्मवारावरून सोम्या किंवा मंगळी. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातील पूर्णाथडी म्हैस रंगाने फिकट, म्हणून कित्येक घरी तिचे नाव नुसते 'भुरी'. सर्जा आणि राजा ही तर नावे नव्हेत, पदव्याच होत. एका घरी राजा गेल्यावर बाजारातून आणलेल्या नव्या बैलालाही राजाच म्हणू लागले. सर्जाला जोडीदाराचे नाव बदललेले सोसणार नाही, असे घरधनिणीचे म्हणणे पडले. आम्हांस ते पटले. हल्ली पुण्यामुंबईकडून भ्रमणध्वनीवर कुत्र्यांची छायाचित्रे येतात. त्यांत ब्रुनो आणि सिंबा फार. 'टायगर' नावाचा एक कुत्रा आम्ही प्रत्यक्ष पाहिला. तो आमच्या मांजरीस पाहून खाटेखाली शिरला.

अलीकडे गुरांच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला असतो. रोगप्रतिबंधक लशींची नोंद ठेवण्यास तो उपयोगी आहे, त्यास आमची हरकत नाही. चित्रात तो घालावा की न घालावा, हे आम्ही धन्यास विचारतो. बहुतेक जण गाळावयास सांगतात. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी खांद्याला हळद-तूप चोळताना बैलाला कोणी आकड्याने हाक मारीत नाही.

आमच्या या धंद्याचा एक थोर पूर्वज पुण्यास होऊन गेला. गंगाराम चिंतामण तांबट हे त्याचे नाव. सवाई माधवरावांच्या काळी इंग्रजांचे वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी त्याने चित्रे काढली. १७९० च्या नोव्हेंबरात पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने काढलेले चित्र आज अमेरिकेत येल येथील संग्रहात आहे. त्याच्या मथळ्यात स्थळ आहे, मास आहे, वर्ष आहे. गेंड्याचे नाव नाही. याच्या उलट बंगालमध्ये वाढलेली एक गेंड्याची मादी १७४१ साली एका डच कप्तानाने हॉलंडात नेली आणि पुढे सतरा वर्षे युरोपभर लोकांस दाखविली. पॅरिस येथे १७४९ साली उद्री नामक चित्रकाराने तिचे तिच्याएवढेच मोठे चित्र काढले. ते जर्मनीत श्वेरीन येथे आहे. तिचे नाव क्लारा. ती १७५८ साली लंडनमध्ये वारली, हेही लोकांस ठाऊक आहे. पुण्याच्या गेंड्याला त्याचा माहूत काय म्हणून हाक मारीत असेल, या विचाराने आम्ही पुष्कळदा बेचैन होतो. परंतु गंगारामास बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाही. कारण तोच अपराध आमच्या हातून घडलेला आहे.

आम्ही तरुण असताना नांदुऱ्याजवळच्या एका खेड्यातील वृद्ध शेतकऱ्याने आपल्या थकलेल्या बैलाचे चित्र करून घेतले. चित्र पाहून त्याचे डोळे भरून आले. मग तो म्हणाला, "मास्तर, नाव काऊन नाही लिवलं?" चित्रावर अक्षरे काढणे हे पाट्या रंगविणाऱ्याचे काम, असा त्या वयाचा ताठा आमच्या अंगी होता. आम्ही तसे बोलूनही दाखविले. म्हातारा हळूच म्हणाला, "मले ठाव आहे, तुमाले ठाव आहे. मांगून येनाऱ्याले कोन सांगन?" आम्ही हसून विषय टाळला. त्याने पुन्हा शब्द काढला नाही, ठरलेले पैसे मोजून दिले आणि चित्र धोतराच्या सोग्यात गुंडाळून नेले.

दोन वर्षांपूर्वी त्याचा नातू ती तसबीर घेऊन आला. चौकटीस वाळवी लागली होती. घरी आता ट्रॅक्टर आहे, गोठ्याची खोली झाली आहे. तसबीर पुसता पुसता त्याने विचारले, "गुरुजी, याचं नाव काय होतं?" घरात सांगणारे कोणी उरले नव्हते. आम्ही पुष्कळ आठवून पाहिले. शिंगाचा बाक आठवला, कडब्याचा वास आठवला, म्हाताऱ्याने मारलेली हाकही कानांत घुमली. तीतील नाव तेवढे आठवेना. तेव्हापासून नाव लिहिल्यावाचून एकही चित्र आमच्या घराबाहेर गेलेले नाही. ती तसबीर मात्र नवी चौकट बसवून, खाली चार बोटे जागा कोरी ठेवून, अद्याप आमच्याच भिंतीवर आहे. नातू म्हणतो, नाव सापडले की नेईन.

या सभेत आसपासच्या खेड्यांतील वडीलधारी मंडळी बसली आहेत, म्हणून विचारतो. बैल पांढरा, खांद्याकडे सावळा. डावे शिंग टोकाशी आत वळलेले. उजव्या कानाला जुनी चीर. जोडीतला डावीकडचा. पोळ्याच्या तोरणात तो आपणांपैकी कोणी पाहिला असेल, आणि त्याला मारलेली हाक कोणास स्मरत असेल, तर सभा संपल्यावर कृपा करून आम्हांस भेटावे. चित्र आम्ही सोबत आणले आहे. मंडपाच्या दाराशी टेबलावर ठेवले आहे.